साल ठेवायची की काढायची

रायगड जिल्ह्यातल्या आमच्या आजोळी श्रावण लागला की डाळिंब्या सोलायची बैठक बसायची. भात कापून झाल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर घेतलेले कडवे वाल वर्षभर पत्र्याच्या डब्यात असत. ते रात्री भिजत घालायचे, सकाळी उपसून फडक्यात घट्ट बांधायचे, मोड फुटले की कोमट पाण्यात टाकायचे, आणि मग परातीभोवती आजी, आई, मावश्या आणि आम्ही मुले. अंगठा आणि तर्जनी यांच्यात वाल धरून हलकेच दाबला की साल बोटांत राहते आणि डाळिंबी सुळकन परातीत पडते. जोर जास्त झाला तर तिची दोन दले सुटी होतात, आणि आजीला ते अजिबात खपत नसे. सालांचा ढीग संध्याकाळी गोठ्यात जायचा.

त्याच स्वयंपाकघरात मटकीची उसळ मात्र सालासकट व्हायची. मुगाची, चवळीची, हरभऱ्याचीही. तापातून उठलेल्या माणसाला आणि नुकत्या खायला लागलेल्या बाळाला पुन्हा बिनसालीच्या मुगाच्या डाळीचे पातळ वरण. कोणाला साल द्यायची, कोणाला नाही, कोणत्या दाण्याची काढायची, कोणत्या दाण्याची ठेवायची, हे सगळे ठरलेले होते आणि त्यामागचे कारण कोणी विचारत नव्हते. पुढे पोषणशास्त्र शिकले, शिकवले, आणि वर्गात दरवर्षी एक प्रश्न हमखास यायचा: कडधान्यात एवढा चोथा असतो, मग त्यातली प्रथिने अंगी लागतात का? या पुस्तकाचा विषय तोच आहे. प्रश्न साधा दिसतो, पण त्याचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ या एका शब्दात देणारा माणूस निम्मे सांगून थांबतो, असे माझे मत आहे.

आधी आकडे पाहू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांचे जे कोष्टक प्रसिद्ध केले, त्यानुसार १०० ग्रॅम अख्ख्या हरभऱ्यात सुमारे २५ ग्रॅम तंतुमय पदार्थ असतात. हरभऱ्याच्या डाळीत सुमारे १५. अख्ख्या तुरीत २३ च्या आसपास, तूरडाळीत जेमतेम ९. अख्ख्या मुगात १७, मूगडाळीत ९. प्रथिनांचा आकडा मात्र साल काढल्याने फारसा हलत नाही; तो १९ ते २४ ग्रॅमच्या आसपासच राहतो आणि डाळीत थोडा वरच सरकतो, कारण सालीत प्रथिने नावापुरतीच असतात. म्हणजे गिरणीत भरडताना बाहेर पडते ती मुख्यतः साल, आणि सालीबरोबर जातो तो चोथा. लातूर, अकोला, जळगावच्या डाळमिलमधून निघणारी चुनी गुरांच्या पेंडीत मिसळली जाते, ती याच सालीची आणि कणीची. गाईम्हशींच्या पोटात तो चोथा फोडणारे सूक्ष्मजंतू अन्नमार्गाच्या सुरुवातीलाच बसलेले असतात. आपल्याकडे ते शेवटी, मोठ्या आतड्यात असतात. या एका फरकात आपल्या विषयाचा बराचसा उलगडा दडलेला आहे.

पण डाळीतही ९ ते १५ ग्रॅम तंतू उरतातच. ते कुठे असतात? बहुतेक वाचकांच्या डोळ्यांसमोर चोथा म्हटले की साल येते, कोंडा येतो. कडधान्याच्या दाण्यात मात्र चोथ्याची दुसरी जागा आहे, आणि प्रथिनांच्या दृष्टीने तीच जास्त महत्त्वाची आहे. डाळीचे एक दल म्हणजे लाखो पेशींची चळत. एकेक पेशी माणसाच्या केसाच्या जाडीएवढी. तिच्या आत पिष्टाचे गोलसर कण आणि त्यांच्या भोवती, फटींमध्ये गच्च बसलेली प्रथिने. आणि या सगळ्याला वेढणारी पेशीची भिंत, जी सेल्युलोज, पेक्टिन अशा तंतूंची बनलेली असते. आपले पाचकरस पिष्ट फोडतात, प्रथिने फोडतात, ही भिंत त्यांना फोडता येत नाही. भिंत जिथे धड राहिली, तिथे पाचकरसाला आत झिरपत जावे लागते.

आता स्वयंपाकघरात या. हरभऱ्याची डाळ आधी शिजवून मग पुरणयंत्रातून काढली की पुरण होते. तीच डाळ कोरडी दळून बेसन केले आणि ते शिजवले की पिठले होते. डाळ एकच, प्रथिने तीच, चोथाही तोच. पोटात मात्र दोन्हींची गोष्ट वेगळी. शिजताना आधी विरघळते ते दोन पेशींना एकमेकींशी चिकटवणारे पेक्टिन. त्यामुळे शिजलेली डाळ वाटली तरी पेशी फुटण्याऐवजी एकमेकींपासून सुट्या होतात. पुरण कितीही मऊसूत झाले तरी त्यातल्या पुष्कळशा पेशी बंद डब्यांसारख्या धड असतात. कोरडी डाळ दळताना हे पेक्टिन अजून घट्ट असते, म्हणून जात्याच्या किंवा चक्कीच्या दगडाखाली पेशीच चिरडल्या जातात आणि आतले पिष्ट व प्रथिने उघडी पडतात. भिजवलेली कच्ची डाळ वड्यांसाठी वाटली तरी हेच होते. आधी दळणे की आधी शिजवणे, या क्रमावर प्रथिने किती लवकर हाती लागणार हे बरेचसे अवलंबून असते. कोकणातले कुळथाचे पिठले आणि देशावरचा झुणका ही दळून शिजवण्याच्या पंथाची माणसे. उसळ, आमटी, वरण, पुरण ही शिजवून मोडण्याच्या पंथाची. आहाराच्या तक्त्यात मात्र या सगळ्यांसमोर ‘हरभरा’, ‘कुळीथ’, ‘मूग’ एवढेच लिहिलेले असते, प्रथिनांचा एकच आकडा असतो, आणि वाचणाऱ्याला वाटते की सगळे सारखेच. हा तक्ता मी स्वतः वर्षानुवर्षे फळ्यावर लिहून दिला. त्यात पाककृतीचा रकाना हवा होता, हे मला उशिरा कळले.

भिंत म्हणजे कायमचा अडसर, असेही समजू नका. जास्त वेळ शिजवले, कुकरमध्ये चांगल्या शिट्ट्या घेतल्या की भिंतीतले पेक्टिनही सुटते, ती सच्छिद्र होते आणि पाचकरस आत शिरतात. नीट चावल्याने काही पेशी फुटतात. शिवाय शिजण्याचे एक मोठे काम चोथ्याशी संबंधितच नाही. १९१७ साली अमेरिकेत थॉमस ऑस्बॉर्न आणि लाफायेट मेंडेल यांनी दाखवले की कच्च्या सोयाबीनवर उंदरांची वाढ खुंटते, आणि तेच सोयाबीन शिजवून दिले की उंदीर वाढतात. पुढे कळले की कच्च्या दाण्यात ट्रिप्सिन या पाचकरसालाच अडवून धरणारी प्रथिने असतात आणि उष्णतेने ती निकामी होतात. कच्चे किंवा अर्धवट शिजलेले कडधान्य बाधते, त्याला चोथा जबाबदार नाही.

माझा सगळ्यात मोठा आक्षेप इथे आहे. चोथ्याच्या माथी इतरांचे पुष्कळ अपराध मारले गेले आहेत. सालीत तंतू असतात तसे टॅनिनही असते. वालाच्या, कुळथाच्या, काळ्या हरभऱ्याच्या गडद सालीत तुरट चव येते ती त्याचीच. हे टॅनिन प्रथिनांना घट्ट धरते. चहाने जीभ आकसते तेव्हा लाळेतल्या प्रथिनांशी टॅनिनची जी झटापट होते, तीच पोटात अन्नातल्या प्रथिनांशी आणि पाचकरसांशी होते. साल काढल्यावर प्रथिनांचे पचन सुधारले की आपण म्हणतो, चोथा गेला म्हणून सुधारले. चोथा गेला हे खरे, पण त्याबरोबर टॅनिनही गेले. दोघांना वेगळे करून तपासल्याशिवाय एकाला दोषी ठरवणे योग्य नाही. आजीने वालाची साल काढली ती कडवटपणामुळे. मटकीची पातळ, सौम्य साल तिने ठेवली. तिची जीभ टॅनिन ओळखत होती, असे म्हणायला हरकत नाही.

मोड आणण्याबद्दलही असाच गैरसमज आहे. मोड आल्याने चोथा कमी होतो असे पुष्कळजण समजतात. तसे होत नाही. कोंब वाढतो तेव्हा त्यालाही नव्या भिंती लागतात. कमी होते ते फायटेट, कमी होतात रॅफिनोज-स्टॅचिओजसारख्या शर्करा, ज्या फोडणारे विकर माणसाच्या आतड्यात नसते आणि ज्यांच्यामुळे पोटात वायू धरतो. मोडाच्या उसळीने पोट हलके राहते ते या कारणाने.

आता ज्या भागासाठी मी ही प्रस्तावना लिहायला होकार दिला, त्याकडे येते. प्रथिने पचली की नाही हे मोजायचे कसे?

१८८३ साली कोपनहेगनमधल्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत योहान केल्डाल यांनी धान्यातला नायट्रोजन मोजण्याची रीत बसवली. प्रथिनांत साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणून नायट्रोजनचा आकडा ६.२५ ने गुणला की प्रथिनांचा आकडा मिळतो. पोषणशास्त्राने हीच रीत माणसाला लावली. अन्नातून किती नायट्रोजन आत गेला ते मोजा, शौचातून किती बाहेर पडला ते मोजा, वजाबाकी करा. उरले ते पचले. सरळ हिशेब. आणि या हिशेबात चोथा जास्त असलेला आहार नेहमी हरतो, कारण चोथा वाढला की शौचातला नायट्रोजन वाढतोच.

पण तो नायट्रोजन कोणाचा? १९८० साली ॲलिसन स्टीफन आणि जॉन कमिंग्ज यांनी ‘नेचर’मध्ये दाखवले की चोथ्याने शौच वाढते त्यामागे मोठ्या आतड्यातल्या जंतूंची वाढ हे एक मोठे कारण आहे. वाळवलेल्या शौचाचा मोठा हिस्सा जंतूंच्या शरीरांचाच असतो. पेशीभित्तीतले पेक्टिन आणि न पचलेले पिष्ट जंतूंना मिळाले की ते वाढतात, आणि वाढायला त्यांना नायट्रोजन लागतो. तो ते तीन ठिकाणांहून घेतात: अन्नातली न पचलेली थोडी प्रथिने, आतड्याच्या अस्तराच्या झडलेल्या पेशी व श्लेष्मा तसेच वापरून झालेले पाचकरस, आणि रक्तातून आतड्यात झिरपणारा युरिया. हा युरिया एरवी मूत्रावाटे जाणारच होता. म्हणजे शौचात सापडलेला पुष्कळसा नायट्रोजन अन्नातल्या न पचलेल्या प्रथिनांचा नसतो. शरीराने वापरून टाकलेला नायट्रोजन एका दाराऐवजी दुसऱ्या दाराने बाहेर पडलेला असतो. जुन्या हिशेबात तो सगळा ‘वाया गेलेली प्रथिने’ या रकान्यात पडला, आणि भाकरी-उसळ खाणाऱ्या माणसाच्या खात्यावर कायमची तूट मांडली गेली.

या चुकीची दखल घ्यायला वेळ लागला. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात शिफारस केली की प्रथिनांचे पचन शौचावरून मोजू नये. लहान आतड्याच्या शेवटी, जंतूंच्या राज्याची सीमा सुरू होण्याआधी, एकेक अमिनो आम्ल घेऊन मोजावे. तत्त्व बरोबर आहे. पण जिवंत, धडधाकट माणसाच्या लहान आतड्याच्या टोकाशी मोजमाप करायचे कसे?

बंगळूरच्या सेंट जॉन्स संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी शोधलेला मार्ग मला अतिशय सुंदर वाटतो. त्यांनी मुगाची रोपे जड हायड्रोजन असलेल्या पाण्यावर वाढवली. रोपाने ते पाणी पिऊन शेंगा धरल्या, दाण्यातल्या प्रथिनांवर त्या पाण्याची खूण उमटली. हे मूग शिजवून स्वयंसेवकांना थोडे थोडे दिले, आणि जोडीला जड कार्बनची खूण असलेली, पचन आधीच माहीत असलेली प्रथिने दिली. मग रक्तात कोणत्या खुणेची अमिनो आम्ले किती येतात ते मोजले. आतड्यात नळी घालायची गरज नाही, शौचाचा हिशेब नाही. जे रक्तात आले ते खरोखर मिळाले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या या कामात मुगाची साल काढल्यावर अमिनो आम्लांचे पचन जवळजवळ दहा टक्क्यांनी सुधारलेले दिसले. सालासकट मुगाचे पचन मुळात अंड्याच्या बरेच खाली होते.

म्हणजे जुना हिशेब चुकीचा असला तरी सालीचा अडसर काल्पनिक नाही. नव्या, अचूक मापानेही साल काही प्रथिने अडवते. चोथ्याचे समर्थन करणाऱ्यांनी हे मान्य केलेच पाहिजे; मी स्वतः अनेक वर्षे ते पुरेशा स्पष्टपणे सांगत नव्हते. लहान आतड्यात जी अमिनो आम्ले शोषली गेली नाहीत, ती मोठ्या आतड्यात गेल्यावर स्नायू बांधायला फारशी उपयोगी पडत नाहीत. त्यात भर म्हणजे चोथ्यामुळे आतड्याला श्लेष्मा जास्त तयार करावा लागतो, आणि श्लेष्म्यातल्या प्रथिनांत थ्रिओनिन या अमिनो आम्लाचे प्रमाण मोठे असते. ते अन्नातूनच यावे लागते.

ही तूट कोणाला परवडते आणि कोणाला नाही, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर देताना मला सातारा जिल्ह्यातल्या बुध गावच्या पां. वा. सुखात्मे यांची आठवण होते. अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकी विभागाचे संचालक राहिलेल्या आणि पुढे पुण्यात काम केलेल्या या माणसाने, जग प्रथिनांच्या तुटवड्याविषयी बोलत असताना, आग्रहाने मांडले की गरिबाच्या ताटातली मुख्य तूट एकूण अन्नाची, म्हणजे ऊर्जेची असते. पोटभर अन्न मिळाले तर आपल्या धान्य-डाळीच्या आहारातून प्रथिनांची गरज बहुतांशी भागते. अन्न अपुरे पडले तर शरीर प्रथिनेच जाळून ऊर्जा मिळवते, मग ती कितीही उत्तम असोत. त्यांच्याशी अनेकांचे मतभेद झाले, पण या मुद्द्याचा गाभा टिकून राहिला.

चोथ्याच्या प्रश्नाला हाच गाभा लावून पाहा. चोथा पोट भरतो आणि ते लवकर रिकामे होऊ देत नाही. मोठ्या माणसाच्या पोटात ही चांगली गोष्ट आहे. आठ-नऊ महिन्यांच्या बाळाचे पोट मुठीएवढे. त्यात सालासकट कडधान्य भरले तर प्रथिनांचे पचन कमी होईलच, पण त्याहून गंभीर म्हणजे एकूण खाणेच कमी होईल. ऊर्जा कमी पडली की मिळालेली प्रथिनेही इंधन म्हणून जळतील. म्हणून बाळाला बिनसालीच्या मुगाचे गाळ शिजलेले, घोटलेले वरण, भात आणि वर तुपाची धार. तुपात प्रथिने नसतात, पण ते डाळीतली प्रथिने जळण्यापासून वाचवते. भाताचेही काम आहे: डाळीत लायसिन भरपूर आणि मेथिओनिन कमी, तांदळात याच्या उलट. अंगणवाडीतल्या ताईंना हे मी जिथे जाईन तिथे सांगत आले आहे.

पन्नाशीच्या, मधुमेह असलेल्या, दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसाचे ताट वेगळे. त्याला उसळीतून प्रथिनांचे दोन-तीन ग्रॅम कमी मिळाले तरी अर्धी वाटी जास्त घेऊन ते भरून काढता येतात. भारतीय वैद्यकीय अनुसंधान परिषदेने प्रौढांसाठी सुचवलेले दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम हे प्रमाण गाठणे त्याला अवघड नाही. पेशीभित्ती धड राहिल्याने त्याला मिळते ते मात्र दुसरीकडून येणार नाही. १९८१ मध्ये टोरांटोत डेव्हिड जेंकिन्स यांनी रक्तशर्करेच्या चढउतारावरून पदार्थांची क्रमवारी लावली तेव्हा कडधान्ये तळाशी राहिली. पुढच्याच वर्षी त्यांनी दाखवले की एका जेवणात मसूर खाल्ले तर त्यानंतरच्या जेवणातही साखर सावकाश चढते. बंद पेशीतून पिष्ट आणि प्रथिने हळूहळू सुटतात, काही भाग लहान आतड्याच्या शेवटापर्यंत पोहोचतो, तिथून जठराला सावकाश रिकामे होण्याचा निरोप जातो. आणि मोठ्या आतड्यात तंतू आंबवून जंतू ब्युटिरेट तयार करतात, जे आतड्याच्या अस्तराचे मुख्य इंधन आहे. तंतू नसतील तर जंतू तिथे पोहोचलेल्या प्रथिनांवर जगतात, आणि त्यातून अमोनिया, फिनॉल असे त्रासदायक पदार्थ निर्माण होतात.

साल आणि भिंत कोणाच्या ताटात हवी, कोणाच्या नको, आणि नको असेल तर ती काढायची की दळायची की जास्त शिजवायची, यावर पुढच्या प्रकरणांत सविस्तर लिहिले आहे. वाचकांना एक विनंती आहे. पहिले प्रकरण उघडण्याआधी हरभऱ्याची थोडी डाळ मऊ शिजवा, तिचा एक दाणा दोन बोटांत चोळा, आणि दुसऱ्या हाताच्या बोटांत चिमूटभर पिठले चोळून पाहा. एकीकडे बारीक रवा लागेल, दुसरीकडे लागणार नाही. बोटांना लागणारा तो रवा म्हणजे डाळीच्या न फुटलेल्या पेशी, आणि त्यांच्या आत अजून बंद असलेली प्रथिने.